बोर्ड जातो, प्रोसेसर राहतो

प्रोसेसर सहसा मरत नाही, मरतो तो मदरबोर्ड. परभणीच्या स्टेशन रोडवर किंवा जिंतूर, सेलूच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याच्याही वर. विजेचा दाब कधी पडलेला, कधी एकदम चढलेला. वर काळ्या मातीची बारीक धूळ, जी पंख्याच्या पात्यांवर थर धरून बसते. या सगळ्यात बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात, प्रोसेसरला वीज पुरवणारे बारके भाग जळतात, पावसाळ्यात कुठेतरी गंज धरतो. प्रोसेसर मात्र तापला तर आपला वेग कमी करतो, फारच तापला तर मशीन बंद पाडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा कामाला लागतो.

त्यामुळे आठ-दहा वर्षं वापरलेल्या पीसीचा बोर्ड गेला की मालकाच्या हातात एक धडधाकट प्रोसेसर उरतो. त्याला बसवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. बोर्डावरच्या ज्या चौकोनी बैठकीत तो बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि दर काही पिढ्यांनी प्रोसेसरचं सॉकेट बदलतं. त्या जातीचा बोर्ड बाजारात मिळाला तर प्रोसेसरला किंमत आहे, नाही तर तो ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. घरचा पीसी जुळवून घेताना गिऱ्हाईक विचारतं, आय-थ्री घ्यायचा की आय-फाइव्ह, रॅम किती टाकायची, एसएसडी किती जीबीची. सॉकेट कोणतं, हे फार थोडे विचारतात. माझ्या मते तो पहिला प्रश्न असायला हवा. का, ते समजायला थोडं मागे जावं लागतं, कारण ही बैठक कधी सर्वांसाठी खुली होती, कधी मुद्दाम बंद केली गेली, आणि त्या उघडझापीचे परिणाम आपण आजही खिशातून भरतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता, ४.७७ मेगाहर्ट्झचा. लांबट काळी चिप, दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय, एकूण चाळीस. ती बोर्डाला झाळून टाकलेली नव्हती, सॉकेटात खोचलेली होती आणि तिच्या शेजारी तसंच चाळीस पायांचं आणखी एक सॉकेट चक्क रिकामं ठेवलेलं होतं. ज्याला मोठी आकडेमोड करायची असेल त्यानं ८०८७ ही गणिती चिप विकत आणावी आणि तिथे बसवावी, अशी सोय. म्हणजे आजच्या पीसीच्या पूर्वजाच्या बोर्डावर पहिल्या दिवसापासून पुढच्या खरेदीसाठी जागा राखलेली होती.

या सॉकेटांची एक गंमतशीर तक्रार होती. मशीन चालू झालं की तापायचं, बंद केलं की गार व्हायचं, आणि या प्रसरण-आकुंचनात चिप हळूहळू सॉकेटातून वर सरकायची. मशीन अडलं की तंत्रज्ञ कव्हर उघडायचा आणि अंगठ्यानं एकेक चिप दाबून खाली बसवायचा. बऱ्याचदा एवढ्यानंच मशीन सुरू व्हायचं.

आयबीएमची एक अट मात्र पुढच्या चाळीस वर्षांवर परिणाम करून गेली. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायला ती कंपनी तयार नव्हती, म्हणून इंटेलला आपल्या चिपचं उत्पादन दुसऱ्या कंपन्यांनाही करू द्यावं लागलं. १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात तसा तांत्रिक देवाणघेवाणीचा करार झाला. एएमडीची चिप इंटेलच्या सॉकेटात बसायची, कारण ती कागदोपत्री तीच चिप होती. जपानच्या एनईसीनं त्याच्याही पुढची पायरी गाठली. १९८४ मध्ये तिनं व्ही२० नावाचा प्रोसेसर काढला, जो ८०८८ च्या चाळीस भोकांत जसाच्या तसा बसायचा आणि थोडा वेगानं चालायचा. जुनी चिप स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची, नवी दाबायची, झाला पीसी अपग्रेड. इंटेल आणि एनईसी कोर्टात गेले. १९८९ च्या निकालात चिपमधल्या सूक्ष्म आज्ञावलीला कॉपीराइट मिळू शकतो हे मान्य झालं, पण एनईसीनं नक्कल केलेली नाही असंही ठरलं. एका सॉकेटात कोणाकोणाच्या चिपा बसू शकतात, हा वाद तेव्हापासूनचा.

पाय वाढत गेले. ८०२८६ ला ६८, ८०३८६ ला १३२, १९८९ च्या ८०४८६ ला १६८. कडेला एवढे पाय मावेनात म्हणून ते चिपच्या पोटाखाली ओळीनं उभे केले. पण इतक्या पिना एकदम भोकांत घुसवायच्या तर जोर लागतो. ४८६ च्या साध्या सॉकेटाला शंभर पौंडांच्या आसपास दाब लागायचा, म्हणजे पंचेचाळीस किलो. खाली आधार नसेल तर बोर्डाला तडा जायचा. यावर जो उपाय रूढ झाला तो बाजूचा छोटा लोखंडी दांडा. दांडा उचलला की भोकं सैल होतात, चिप नुसती ठेवली की आपल्या वजनानं बसते, दांडा खाली दाबला की भोकं पिना घट्ट धरतात. घरच्या माणसालाही प्रोसेसर बदलता यावा, ही कल्पना खऱ्या अर्थानं या दांड्यानं शक्य केली. चिपच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण आणि सॉकेटवर तशीच खूण, हाही त्याच काळातला शिरस्ता. चिप उलटी बसू नये म्हणून एका कोपऱ्यात एखादी पिन कमी असायची. तरीही उलटी बसवणारे महाभाग होतेच.

मग आलं सॉकेट ७, आणि या वंशावळीत मला सर्वात जवळचं वाटतं ते हेच. १९९५ सालचं, ३२१ पिनांचं. इंटेलनं ते पेंटियमसाठी काढलं, पण त्यात एएमडीचे के५ आणि के६ बसायचे, सायरिक्सचा ६x८६ बसायचा, आयडीटीचा विनचिपही बसायचा. बोर्ड एक, आणि प्रोसेसर चार कंपन्यांचे. बोर्डावर जंपर नावाच्या बारक्या टोप्या असत. त्या इकडून काढून तिकडे लावून प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज ठरवावं लागे. पुस्तिका न वाचता टोपी चुकीच्या जागी लावली तर प्रोसेसर जळायचा. प्रोसेसर सहसा मरत नाही असं वर म्हटलं खरं, पण त्या काळात तो मारणं सोपं होतं.

या सॉकेटच्या कथेत एक माणूस महाराष्ट्रात जन्मलेला आहे. विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. फाळणीनंतर रावळपिंडीहून आलेलं कुटुंब, वडील सैन्याच्या नागरी खात्यात. शिक्षण दिल्लीत, पुढे अमेरिका, पुढे इंटेल. २२ मार्च १९९३ ला आलेल्या पेंटियमच्या प्रकल्पाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं आणि ‘पेंटियमचे जनक’ ही ओळख त्यांना तिथूनच चिकटली. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषणही मिळालं. हे बहुतेकांना माहीत असतं. सॉकेटच्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग मात्र त्यानंतरचा आहे. १९९५ मध्ये धाम इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. नेक्सजेनचा प्रोसेसर चांगला होता, पण तो तिच्या स्वतःच्या वेगळ्या बोर्डावरच चालायचा, इंटेलच्या सॉकेटात बसत नव्हता. त्यामुळे बोर्ड बनवणारे फिरकेनात आणि विक्री रखडली. एएमडीनं नेक्सजेन विकत घेतली, तिचा पुढचा आराखडा सॉकेट ७ च्या मापात बसवला, आणि एप्रिल १९९७ मध्ये तो के६ नावानं बाजारात आला. तोच प्रोसेसर लाखो लोकांच्या आधीपासून घरात असलेल्या बोर्डांवर चालू लागला. पेंटियमचा जनक पेंटियमच्याच बैठकीत प्रतिस्पर्ध्याला बसवण्याच्या कामात सामील झाला, असं हे नाट्य आहे. चिप कितीही हुशार असली तरी ती कोणत्या भोकात जाते यावर तिचं नशीब ठरतं, हे नेक्सजेनइतकं स्पष्ट दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेलं मला दिसत नाही.

इंटेलला हे अर्थातच रुचलं नव्हतं. मे १९९७ मध्ये पेंटियम टू आला तो सॉकेटमध्ये बसणारा नव्हताच. एक लांबट काळी कॅसेट, २४२ संपर्कांची, बोर्डावरच्या खाचेत उभी खोचायची. तिचं नाव स्लॉट १. तांत्रिक कारण खरं होतं. जलद स्मृतीच्या चिपा तेव्हा प्रोसेसरच्या आत परवडत नव्हत्या, म्हणून दोन्ही एका पट्टीवर बसवून कॅसेटमध्ये घातल्या होत्या. पण त्यामागच्या विद्युत जोडणीवर इंटेलची पेटंटं होती आणि एएमडी, सायरिक्सकडे परवाना नव्हता. दार बंद झालं. एएमडीनं काही काळ जुन्या सॉकेट ७ लाच शंभर मेगाहर्ट्झची जोडणी देऊन ओढलं, आणि १९९९ मध्ये अ‍ॅथलॉनसाठी स्वतःची खाच काढली, स्लॉट ए. दिसायला ती स्लॉट १ च, फक्त उलटी फिरवलेली, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यांना तोच सुटा भाग वापरता यावा. आतली जोडणी मात्र डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरची, परवान्यानं घेतलेली. तेव्हापासून आजपर्यंत इंटेलचा बोर्ड आणि एएमडीचा बोर्ड या दोन वेगळ्या जाती आहेत. बाजारात सोयरीक संपली ती तिथे.

कॅसेटचा जमाना दोन-तीन वर्षांत आटोपला. जलद स्मृती प्रोसेसरच्या पोटात मावू लागली, कॅसेट महाग पडू लागली, आणि इंटेल सॉकेट ३७० वर, एएमडी ४६२ पिनांच्या सॉकेट ए वर परतले.

परभणी जिल्ह्यात घराघरांत नाही, पण गल्लीगल्लीत कॉम्प्युटर दिसू लागला तो साधारण याच वेळी. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला, सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला, आणि पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा अशा तालुक्यांच्या गावी वर्ग निघाले. या वर्गांतली मशीनं बहुतेक जुळवलेली. कंपनीचा पीसी परवडत नसे, म्हणून कॅबिनेट एकाचं, बोर्ड दुसऱ्याचा, मॉनिटर तिसऱ्याचा. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा नांदेड-औरंगाबादच्या ठोक व्यापाऱ्यांकडून यायचे, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल करून. भाग एकमेकांना जुळले तर ठीक. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या गावावर कोणी आणि का रचली ते असो, जुळवलेल्या पीसीच्या धंद्याला ती चपखल लागू होती.

त्या काळात चुकीच्या सॉकेटचा फटका कसा बसतो याचा धडा इंटेलनंच दिला. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम फोर आला तो सॉकेट ४२३ घेऊन, सोबत महागडी रॅमबस रॅम. वर्षाच्या आत, ऑगस्ट २००१ मध्ये, सॉकेट ४७८ आलं आणि ४२३ वाल्यांच्या पुढचा रस्ता संपला. ज्यांनी उत्साहानं पहिलाच पेंटियम फोर घेतला होता त्यांना ना पुढचा प्रोसेसर मिळाला, ना स्वस्त रॅम. ४७८ मात्र टिकलं. त्याचा काळा प्लॅस्टिकचा चौकटीवाला पंखा आणि ८४५ चिपसेटचा (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपा) बोर्ड त्या वर्षांत दुरुस्तीचं काम केलेल्या कोणालाही आठवेल. पंखा काढताना पंखा आणि प्रोसेसर यांमधल्या घट्ट झालेल्या पेस्टमुळे दांडा बंद असतानाच प्रोसेसर सॉकेटातून उपटून हाती यायचा, आणि मग टेबललॅम्पखाली, सुईनं किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं, वाकलेल्या पिना एकेक सरळ करत बसायचं. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरबाबत हे आजही होतं. उपाय सोपा आहे: मशीन दहा मिनिटं चालू ठेवून पेस्ट गरम करायची, मग पंखा उजवी-डावीकडे हलकेच फिरवून सोडवायचा आणि मगच उचलायचा.

२००४ मध्ये इंटेलनं पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डावर लावल्या. एलजीए ७७५. प्रोसेसरच्या पोटाला सपाट सोनेरी ठिपके, आणि बोर्डावर केसासारख्या बारीक ७७५ स्प्रिंगा. प्रोसेसर आता आणखी अमर झाला, कारण वाकायला त्याच्याकडे काही उरलंच नाही. वाकतात त्या बोर्डाच्या स्प्रिंगा. पेस्ट पुसताना फडक्याचा धागा अडकला, स्क्रू हातातून निसटून सॉकेटात पडला, की बोर्ड गेला. नुकसान प्रोसेसर बनवणाऱ्याकडून बोर्ड बनवणाऱ्याच्या, आणि तिथून गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडलं. २०२२ मध्ये एएमडीनंही एएम५ सॉकेटसाठी हीच पद्धत घेतली.

पिना एवढ्या का वाढतात, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर आकडेमोडीत आहे. पहिले पेंटियम पाच व्होल्टवर चालायचे आणि पंधराएक वॅट खायचे, म्हणजे तीन अँपिअर. आजचा ६५ वॅटचा साधा प्रोसेसर साधारण १.२ व्होल्टवर चालतो. पासष्ट भागिले एक पूर्णांक दोन, म्हणजे ५४ अँपिअर. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, आणि इथे नखाएवढ्या तुकड्यात त्याच्या सातपट प्रवाह जायचा आहे. केसाएवढ्या एका पिनेतून तो जाणार नाही, म्हणून शेकडो पिना केवळ वीज आत आणायला आणि परत न्यायला लागतात. शिवाय रॅमशी बोलणारा भाग एएमडीनं २००३ मध्ये आणि इंटेलनं २००८ मध्ये प्रोसेसरच्या आत घेतला. तेव्हापासून रॅमच्या तारा थेट सॉकेटात येतात, आणि रॅमची पिढी बदलली की सॉकेट बदलायला एक रास्त कारण मिळतं.

रास्त कारण असतं, हे मान्य. पण प्रत्येक वेळी असतंच असं नाही. इंटेलचा शिरस्ता बराच काळ असा राहिला: ११५५ सॉकेटवर दुसरी-तिसरी पिढी, ११५० वर मुख्यतः चौथी, ११५१ वर सहावी-सातवी, १२०० वर दहावी-अकरावी. दोन पिढ्या झाल्या की बोर्ड बदला. यातली कळस गाठणारी घटना २०१७ ची. आठव्या पिढीचं सॉकेटही ११५१ च, भोकं तीच, मापं तीच, पण जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालत नव्हता. वीजपुरवठ्यासाठी काही पिनांचं काम बदललं आहे, असं कंपनीचं म्हणणं. हौशी लोकांनी मात्र काही ठिपक्यांवर चिकटपट्टी लावून आणि बायॉसमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या आज्ञावलीत, फेरफार करून तेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. सॉकेटचा आकडा जुळला म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांना तेव्हापासून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: चिपसेट कोणता?

एएमडीचं एएम४ याच्या उलट टोकाला गेलं. १३३१ पिनांचं हे सॉकेट मार्च २०१७ मध्ये पहिल्या रायझन प्रोसेसरबरोबर दुकानांत आलं. २०२० मध्ये कंपनीनं ४०० मालिकेच्या बोर्डांना पुढची पिढी मिळणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा जगभरचे ग्राहक एवढे खवळले की काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. पुढे २०२२ मध्ये सर्वात जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिकेचे प्रोसेसर चालू लागले. बायॉसची चिप छोटी असल्यामुळे नव्या प्रोसेसरची नावं घालायला काही बोर्डांतून जुन्या प्रोसेसरची नावं काढून टाकावी लागली, इतका तो जुगाड ताणला गेला. या सॉकेटसाठी २०२४ सालीसुद्धा नवे प्रोसेसर निघाले. सॉकेट किती वर्षं जगेल हे तंत्रज्ञानाइतकंच कंपनीच्या मनावर आणि ग्राहकाच्या आवाजावर ठरतं, याला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आणि कंपनीनं मारलेलं सॉकेट बाजारानं जिवंत ठेवल्याचा दाखला तर आपल्याच देशात आहे. मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेल्या पीसीतून निघालेले दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-थ्री, आय-फाइव्ह लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ढिगानं मिळतात. त्यांना बसायला एच६१ आणि एच८१ चिपसेटचे बोर्ड, त्याआधीच्या ७७५ वाल्यांना जी४१, आजही कोरे करकरीत विकले जातात, काहींवर तर मूळ काळात नसलेली एनव्हीएमई एसएसडीची खाचही असते. एच६१ हा चिपसेट इंटेलनं २०११ मध्ये आणला होता. तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात, सेतू केंद्रात, फोटो स्टुडिओत हीच मशीनं चालताना दिसतात. दुकानात संवाद असा होतो: “दादा, आय-फाइव्ह आहे ना हा?” “आय-फाइव्हच आहे की, काका.” दोघंही खरं बोलतात. तो तिसऱ्या पिढीचा आहे, हे कोणी विचारलेलं नसतं आणि कोणी सांगितलेलं नसतं.

या जुन्या बोर्डांवर आता एक वेगळीच मर्यादा आली आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून व एएमडीच्या बहुतांश रायझन २००० पासून पुढेच चालतं. म्हणजे एच६१, एच८१ आणि २०१५ चं पहिलं ११५१, हे सगळे रेषेच्या अलीकडे राहिले. त्यांवर लिनक्स उत्तम चालतं, आणि ज्याला टायपिंग, इंटरनेट, हिशेब एवढंच करायचं आहे त्यानं ते अवश्य चालवावं. पण मुलाच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी कोणी आज एच६१ चा ‘नवा’ पीसी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये.

मग घ्यावं काय? आज नवं घ्यायचं तर पर्याय चार. एएमडीचं एएम५, ज्याला किमान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर मिळतील असं कंपनीनं सांगितलं आहे, पण त्याला फक्त डीडीआर५ रॅम चालते, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. इंटेलचं १८५१, ऑक्टोबर २०२४ चं. आणि दोन उतरत्या वयाची: एएम४ आणि इंटेलचं १७००. पुढे प्रोसेसर बदलायचा बेत असेल आणि पैसे असतील तर एएम५ घ्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बजेट आखडतं असेल तर एएम४ किंवा डीडीआर४ चालणारा १७०० चा बोर्ड घेण्यात काही चूक नाही, जरी त्यांची वाढ संपली असली तरी. कारण परभणीसारख्या ठिकाणी दुसरी कसोटी जास्त कामाची ठरते: ते सॉकेट देशात किती खपलं? जे भरपूर खपलं त्याचा बोर्ड सात वर्षांनीही जुना किंवा नवा मिळतो. जे कमी खपलं, जसं एएमडीचं ७५४ किंवा एफएम२, किंवा इंटेलचं १३६६, त्याचा बोर्ड गेला की प्रोसेसर विसरा. १७०० घेणाऱ्यानं एवढं मात्र लक्षात ठेवावं की त्यातल्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरना व्होल्टेजचा दोष होता, इंटेलनं त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, आणि बोर्डाचं बायॉस ताजं करून घेणं तिथे सक्तीचंच समजावं. प्रोसेसर मरत नाही या नियमाला हा अलीकडचा अपवाद.

लॅपटॉपवाल्यांनी हे सगळं वाचून हळहळू नये, त्यांना निवडच नाही. २०१३-१४ पर्यंत अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटात असायचा आणि एका स्क्रूनं फिरवून काढता यायचा. आता जवळपास सगळ्यांत तो बोर्डाला झाळलेला असतो. बोर्ड गेला की प्रोसेसरही गेला, नाही तर चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडे जाऊन तो गरम हवेनं उचलून परत बसवण्याची आशा धरायची. सर्वसामान्यांच्या घरात सॉकेट उरलं आहे ते डेस्कटॉपमध्येच.

तेव्हा खरेदीच्या वेळी बिलावर नुसतं ‘आय-फाइव्ह पीसी’ असं लिहून घेऊ नका. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, बोर्डाचं मॉडेल आणि सॉकेटचं नाव लिहून घ्या. आणि बोर्डाच्या सॉकेटवर येणारी काळी प्लॅस्टिकची टोपी दुकानदाराला टाकू देऊ नका, खोक्यात घालून घरी न्या. एलजीए बोर्ड वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर कंपन्या ती टोपी लावूनच बोर्ड मागतात.